त्याचा द्वेष आणि माझा विटाळ

डॅनियल गेल्याची बातमी मला गिऱ्हेपुंजेने सांगितली आणि खोटं कशाला बोलू, दुःखाच्या आधी मला राग आला. मी डॅनियलचा शेजारी. त्याच्या घरात पेला पडला तर आवाज आधी माझ्या घरात यायचा. आणि तो गेल्याचं मला सांगायला दुसऱ्या सेक्टरातून सायकल हाणत कोण येतो, तर गिऱ्हेपुंजे! सकाळची पाळी होती. मी रोलिंग मिलच्या दुरुस्तीखात्यात एका पंपाशी बसलो होतो. तो दारात उभा राहिला, डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "गेला गा आपला दानियल. पहाटे गेला. मी होतो जवळ." त्याचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात शिरलंच नाही. शिरलं ते शेवटचं... मी होतो जवळ. इस्पितळात बसायच्या पाळ्या आम्ही दोघांनी वाटून घेतल्या होत्या. माझी संपली, याची लागली, आणि तेवढ्यात तो गेला. शेवटच्या वेळीही त्याच्याजवळ हाच असावा, हे मला सहन झालं नाही.

आज महिना होत आला. या पुरवणीच्या संपादकांनी 'तुमच्या भिलाईच्या मित्राविषयी लिहा' म्हणून सांगितलं, तेव्हा वाटलं, चार बरे शब्द लिहावेत आणि मोकळं व्हावं. लिहायला बसलो तर लक्षात आलं की डॅनियलची एकही आठवण अशी नाही जिच्यात माझ्या पोटात दुखलं नाही. त्याच्यावर माझा जीव होता आणि त्याच्यावर मी जळतही होतो. या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या करता आल्या नाहीत, म्हणून दोन्ही लिहितो.

आम्ही भेटलो तेव्हा भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा व्हायचा होता. जिकडेतिकडे लाल मुरूम, खणलेले पाये, रशियाहून आलेल्या यंत्रांच्या घराएवढ्या लाकडी पेट्या, आणि मुलुखामुलखातून आलेली माणसं. आम्हा मराठी लोकांना कॅम्पातली एक लांबलचक बराक मिळाली होती. भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा... बहुतेक शेतीवाडीतून उठून आलेले. अंथरूण पसरायच्या आधी जात विचारायची, हा तिथला शिरस्ता. त्याशिवाय कोणी कोणाच्या शेजारी झोपणार कसं? माझी पाळी आली. दीक्षा घेऊन फार दिवस झाले नव्हते, शब्द जिभेवर ताजा होता. मी म्हणालो, "बौद्ध." आजूबाजूच्या वळकट्या थोड्याथोड्या सरकल्या.

मग डॅनियल पोयनाडकरला विचारलं गेलं. उंच, नाकेला, मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपमधून क्रेनचा मेकॅनिक म्हणून आलेला. तो म्हणाला, "इस्राएल." कोणाला काही कळेना. जात विचारली तर हा देशाचं नाव कशाला सांगतो? तेव्हा त्याने समजावून सांगितलं की आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, पण कोकणात इतक्या पिढ्या झाल्या की आम्ही भांडतोही मराठीत. "गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे," तो हसून म्हणाला, "आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी देवाचा दिवस म्हणून घाणा बंद असायचा."

गिऱ्हेपुंजे हा तुमसरकडचा, जातीने तेली, गळ्यात तुळशीची माळ, दोर-कप्प्यांनी जड यंत्रं चढवणाऱ्या रिगर लोकांचा मुकादम. तो ताडकन उठला. "मंग असं सांग ना बापा! आमचाच हायेस तू!" आणि त्याने डॅनियलची वळकटी उचलून स्वतःच्या शेजारी नेऊन टाकली. डॅनियलने पुष्कळ समजावलं. आमचा देव निराळा, आमच्यात मूर्ती नाही, आमची पोथी निराळी. गिऱ्हेपुंजेने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असन. तेल्यायमंदी लय पोटजाती हायेत." पुढे तर तो डॅनियलसाठी तुमसरच्या एका मुलीचं स्थळ घेऊन आला होता! अख्खी बराक हसली. मीही हसलो, पण आतून जळलो. एका माणसाला एका चुकीच्या समजुतीवर जात मिळाली, भाऊ मिळाला, बायकोही मिळत होती. मी खरं बोललो तर माझ्या दोन्ही बाजूंना उघडी जमीन. एवढं मात्र सांगायला हवं की दिवे मालवायच्या आधी डॅनियलने आपली वळकटी पुन्हा उचलली आणि ती गिऱ्हेपुंजेच्या आणि माझ्या मध्ये आणून पसरली.

पुढे क्वार्टर बांधून झाले आणि आम्हाला लागून लागून घरं मिळाली. त्याने अलिबागहून लेआला लग्न करून आणलं, मी माझ्या बायकोला, शेवंताला, गावाहून आणलं. शुक्रवारी दिवेलागणीला लेआ डोक्यावरून पदर घेऊन वातीचा दिवा लावी आणि डॅनियल त्यांच्या जुन्या भाषेत काहीतरी म्हणे. शनिवारी तो कामाला हात लावत नसे. पाळ्या अशा की सुट्टी कोणत्याही वारी यायची, म्हणून तो लोकांशी सुट्ट्या बदलून घेई, आणि बदल्यात कोणाची दिवाळी, कोणाची होळी, कोणाची ईद स्वतः कामावर काढी. सगळे त्याला खुशीने शनिवार देत. मी चौदा एप्रिलची रजा मागायला गेलो की मात्र साहेब डोळे वर करून विचारायचा, "उस दिन क्या है?"

पण खरा काटा होता तो जेवणाचा. डॅनियल आमच्याकडे जेवत नसे. चहा घेई, केळं खाई, शेवंताने भाजलेल्या शेंगा मूठमूठ खाई, पण ताट वाढलं की छातीवर हात ठेवून म्हणे, "वहिनी, रागवू नका. आमच्यात बाहेरचं मटण चालत नाही, आणि ते ज्यात शिजतं ते भांडंही चालत नाही." शेवंताला पटलं. ती म्हणाली, ज्याचा त्याचा नेम. मला पटलं आणि नाहीही पटलं. कारण तोच डॅनियल रविवारी गिऱ्हेपुंजेकडे मांडी घालून पोटभर जेवायचा. गिऱ्हेपुंजे माळकरी, त्याच्या घरात मांसमच्छी शिजत नाही, म्हणून तिथलं भांडं चालतं... सगळं बरोबर होतं, कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. पण आमच्या लोकांना न जेवण्याची कारणं ऐकायची फार जुनी सवय आहे. सगळी कारणं अशीच बरोबर असतात. डॅनियलला माझ्या घरचं चालत नाही ते त्याच्या धर्मामुळे की माझ्यामुळे, एवढं एकच मला कोणीतरी नक्की सांगायला हवं होतं, आणि ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

अशात तो गणेशोत्सव आला. आमचं एक मराठी मंडळ होतं, गणपतीत व्याख्यानं आणि परिसंवाद ठेवायचं. मी आरतीला जात नसे, परिसंवादाला जाई. दर वर्षी मी चिटणीसांना विषय सुचवायचो, अस्पृश्यता. दर वर्षी ते मऊ आवाजात म्हणायचे, "गजभिये, तो घरातला विषय आहे हो. वातावरण बिघडतं. आणि कायद्याने आता ते संपलंच की." त्या वर्षी जेरुसलेमला एका नाझी अधिकाऱ्यावर खटला चालू होता, पेपर त्याच्या बातम्यांनी भरलेले असायचे. मंडळाने विषय ठरवला, ज्यूद्वेष. तो घरातला नव्हता ना! मग कोणीतरी म्हणालं, गणरायासमोर 'द्वेष' हा शब्द बरा दिसत नाही. म्हणून पेंटरने फळ्यावर रंगवलं, 'ज्यू प्रश्न'.

डॅनियल आणि मी पाळी संपवून मंडपावरून येत होतो. त्याने फळा पाहिला आणि सायकलवरून उतरला. "प्रश्न कोण रे?" त्याने चिटणीसांना विचारलं, "मारणारा की मेलेला?" चिटणीस गडबडले. डॅनियल म्हणाला, "याच नावाखाली नाझींनी माणसांना गाड्यांत भरून नेलं. तुम्हाला माझ्याबद्दल बोलायचं असेल तर मला प्रश्न म्हणू नका. द्वेष ज्याचा आहे त्याच्या नावाने बोला." तासाभरात फळा पुसून नवा रंगवला गेला. मी सायकल धरून ते पाहत उभा होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मंडळाच्या आमंत्रणपत्रिकेवर दर वर्षी छापलेलं असायचं, 'हरिजन बांधवांनीही उपस्थित राहावे.' तो शब्द काढा म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल, कोण जाणे. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "पुढच्या वर्षी बघू." त्याचा एक शब्द खटकला तर पेंटरला घरून बोलावून आणतात, आणि माझा शब्द मला खटकतो हेच मुळी कोणाला खटकत नाही!

परिसंवाद रंगला. बाहेरगावाहून आलेले एक प्राध्यापक फार सुंदर बोलले. युरोपातल्या छळाचं वर्णन ऐकून बायका डोळे पुसत होत्या. शेवटी ते म्हणाले, "आपल्या भूमीत ज्यूंना असा त्रास कधी झाला नाही. फार तर कोकणात त्यांना शनवार तेली म्हणून हिणवलं गेलं, तेवढा एक सौम्य ज्यूद्वेष म्हणता येईल." त्याबरोबर मागून गिऱ्हेपुंजेचा आवाज आला, "सायेब, तेली म्हनलं म्हंजे हिनवनं होते काय?" प्राध्यापक म्हणाले, "तसं नाही, त्या काळच्या संदर्भात..." गिऱ्हेपुंजे उभाच. "संदर्भ कोनताबी असन. मी तेली हावो. मले सांगा, यात शिवी कोनती हाय?" मंडपातले निम्मे लोक मान खाली घालून हसत होते, आणि उरलेले निम्मे तेली होते.

चिटणीसांनी घाईघाईने डॅनियलला स्टेजवर बोलावलं. डॅनियल म्हणाला, "शनवार तेली ही शिवी नव्हती. ते माझ्या आजोबांचं काम होतं आणि त्यांचा वार होता. ज्यू म्हणून मला या देशात कोणी त्रास दिलेला नाही." टाळ्यांचा नुसता कडकडाट. चिटणीसांनी माइक हातात घेतला आणि गहिवरून म्हणाले, "ऐकलंत? ही आपली संस्कृती! आपल्याकडे माणसाचा द्वेष करायची पद्धतच नाही!" पुन्हा टाळ्या. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. माझे हात मांडीवरच राहिले.

परत येताना डॅनियल आणि मी सायकली हाताने ढकलत होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "तू खरं बोलला. पन तुय खरं त्याइच्या खोट्याच्या कामी आलं."

"मग मी काय करायला हवं होतं? न झालेला त्रास सांगायचा?"

"मले झाला तो सांगायचा होता."

"तो तू सांग. तुझं तोंड मी कसं वापरू?"

"मले देते काय कोनी ते स्टेज?" मी ओरडलोच. आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तोंडातून निघून गेलं. "अन तू तरी कोनता येगळा हायेस? गिऱ्हेपुंजेच्या घरी जेवतं, माया घरचा घास तुले चालत नाही. याले आमी इटाळ म्हनतो, दानियल. तू काहीबी म्हन."

तो थांबला. त्याचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "मी माझ्या देवाचा नेम पाळतो म्हणून तू मला वाईट ठरवतोस. याला जग काय म्हणतं, त्याचंच व्याख्यान आत्ता ऐकलंस ना?" आणि तो सायकलवर बसून निघून गेला. लाखो माणसांच्या जिवावर बेतून तयार झालेले ते दोन शब्द, त्याचा द्वेष आणि माझा विटाळ. दोन्ही खरे. आणि आम्ही रस्त्यात उभं राहून एकमेकांना ढेकळासारखे फेकून मारले.

त्यानंतर कित्येक महिने आम्ही बोललो नाही. शेवंता आणि लेआ बोलायच्या, वाटीभर साखर, चिमूटभर हळद इकडची तिकडे जायची. आम्ही दोघं कारखान्यातल्या एकाच शॉपला, एकाच रस्त्याने, पुढेमागे जायचो. गिऱ्हेपुंजे एकदा त्याच्या सायकलशेजारी, एकदा माझ्या सायकलशेजारी. आणि मी मनातल्या मनात मोजायचो, तिकडे जास्त वेळ राहिला की इकडे.

पुढच्या पावसाळ्यात डॅनियलची आई अलिबागहून आली आणि पलीकडून रडण्याचा आवाज आला. डॅनियलचा धाकटा भाऊ शालोम इस्राएलला जाऊन स्थायिक झाला होता. मला त्याचाही हेवा वाटायचा, त्यांना जायला एक देश होता, 'या' म्हणणारा. शालोमचं तिथे लग्न ठरलं. मुलगी युरोपातून आलेल्या घरातली. तिथल्या काही धर्मगुरूंनी लग्न लावायला नकार दिला. म्हणाले, तुम्ही हिंदुस्थानातले, तुमच्या आज्या, पणज्या नक्की ज्यूच होत्या याची आधी खात्री पटवा. शेवंताने मला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं, ते लिहितो. मला वाटलं, आता कळेल त्याला. आणि लगेच त्या म्हातारीच्या रडण्याचा आवाज आला आणि मी उठून बाहेर गेलो.

त्या गणपतीत मंडळाने पुन्हा डॅनियललाच बोलावलं. इस्राएलमधल्या त्या वादाच्या बातम्या आपल्याकडेही येत होत्या, चिटणीसांना विषय आयता मिळाला. माझी अस्पृश्यता पुन्हा 'पुढच्या वर्षी'. जायचं नाही असं ठरवून मी गेलो आणि खांबाआड उभा राहिलो.

डॅनियल म्हणाला, "मला विचारलंय, याला ज्यूद्वेष म्हणायचं का? करणारेही ज्यू आणि सोसणारेही ज्यू, मग तो शब्द कसा लावू? मी पुष्कळ शोधला. माझ्याकडे शब्दच नव्हता. तो मला आमच्या गजभियेने दिला, आणि फार रागात दिला. माझ्या भावाचा तिथे विटाळ धरला गेला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या! खांबाआड माझे कान तापले. हाच शब्द मी याच मंडपात उच्चारला असता तर वातावरण बिघडलं असतं. माझं नाव घेतलं त्याने, ते खरं, पण टाळ्या त्याच्या तोंडाला मिळाल्या.

मग त्याने हात वर करून टाळ्या थांबवल्या. "अजून झालं नाही. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन आहेत. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. ज्यांच्या घराण्यात कधी बाहेरची बाई आली म्हणतात, ते काळे. आम्ही गोरे. आम्ही त्यांना मुली देत नव्हतो, पंगतीला शेजारी बसत नव्हतो. एक काळी इस्राएल बाई आमच्या ओटीखाली उभी राहून आजीच्या हातून वरून पाणी प्यायची. शनिवारी तीही आमच्याच देवाचं नाव घ्यायची. काल माझी आई शालोमसाठी रडत होती. मी तिला म्हटलं, आई, त्या बाईसाठी आपल्या घरात कोण रडलं?" तो थांबला. त्याने समोरच्या रांगांवरून नजर फिरवली. "हे माझ्या घरातलं झालं. आता तुमच्यापैकी कोणीतरी येऊन आपल्या घरातलं सांगा."

कोणी उठलं नाही. चिटणीसांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मंडळींनो, चहा तयार आहे."

त्यानंतर मंडळाने डॅनियलला कधी बोलावलं नाही. मला वाटायला हवा होता अभिमान. वाटला नाही असं नाही. पण त्याहून जास्त वाटला तो हेवाच. जे वाक्य बोलायला मी वर्षानुवर्षं स्वतःशी घोकत होतो, ते हा माणूस अलिबागी हेल काढून सहज बोलून गेला. आणि तो बोलू शकला, कारण त्याच्या घरात ओटी होती आणि वरून पाणी घालणारी आजी होती. कबूल करायला त्याच्याकडे काहीतरी होतं. आम्ही नेहमी ओटीखालीच उभे. आमच्याकडे ऐकवायला फक्त तहान होती, आणि तहानेला कोण टाळ्या वाजवतो?

दुसऱ्या दिवशी शॉपला जाताना त्याने माझ्या सायकलशेजारी सायकल घातली. "काय रे, तुझा शब्द नीट वापरला ना मी?"

"शब्द माया अन टाळ्या तुले," मी म्हणालो.

तो इतका हसला की सायकल रस्त्याच्या खाली गेली. "पुढच्या वर्षी तू बोल."

"मले कोन बोलावते?"

"आता मला तरी कोण बोलावतंय!"

अशी आमची दिलजमाई झाली. पुढची वर्षं आम्ही पुन्हा पूर्वीसारखे राहिलो. कारखान्यात एकामागून एक भट्ट्या पेटल्या, रशियन साहेब कमी होत गेले, आमची मुलं शाळेत हिंदी बोलायला लागली. पण जेवणाचं तसंच राहिलं. तो चहा घेई, केळं खाई, ताट वाढलं की छातीवर हात ठेवी. मी पुन्हा कधी विचारलं नाही आणि त्यानेही पुन्हा कधी समजावलं नाही. माझा काटा होता तिथेच होता, मी फक्त त्यावर पाय द्यायचं टाळत होतो.

मग त्याच्या छातीत दुखू लागलं, आणि आठवडाभरात सगळं संपलं.

त्यांच्यात गेलेल्या माणसाला दिवस मावळायच्या आत मातीत ठेवावं लागतं. भिलाईत त्यांची दफनभूमी नाही. ख्रिस्ती लोकांनी आपल्या कुंपणाच्या आतला एक कोपरा दिला. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, सगळे इस्राएल. नागपूरहून त्याचा एक मावसभाऊ तेवढा वेळेवर पोचला. त्याने एकट्याला म्हणता येण्यासारखं जे होतं ते म्हटलं आणि आम्ही बाकीचे मागे गर्दी करून उभे राहिलो, संख्येला तरी दिसावं म्हणून. गिऱ्हेपुंजे पोरासारखा रडत होता. मला रडू आलं नाही. मी त्याच्या रडण्यावरही जळत होतो.

परतताना मी वाटेत रेंगाळलो, तिन्हीसांजेला घरी आलो तर शेवंता म्हणाली, "त्याइच्याकडं आज चूल पेटत नाही. लेआबाई सांगे, पयला घास बाहेरून या लागते. तुमी काही नेता का नाही?"

मी म्हणालो, "आपल्या घरचं त्याइले कुठं चालते? गिऱ्हेपुंजे केव्हाचा डबा घेऊन बसला हाय. तोच चालन."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बसलो. तिने माळ्यावरून लग्नातलं कधी न वापरलेलं पातेलं काढलं, राखेने घासलं, त्यात अंडी उकडली. "अंड्याले कायचा इटाळ?" ती म्हणाली, "ते त कवचात असते." फडक्यात बांधून गरम गरम अंडी तिने माझ्या हातात दिली. दोन घरांच्या दारांत चार पावलांचं अंतर असेल. मला ते चालवेना. मी त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो, फडकं या हातातून त्या हातात करत. इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न आता मी त्याच्या बायकोपुढे नेऊन ठेवणार होतो, आणि तिने छातीवर हात ठेवला असता तर मला पुन्हा त्या घरात पाय टाकता आला नसता. एकदा परत फिरलोही. मग शेवंता दारात येऊन उभी राहिली, आणि मला जावंच लागलं.

आत लेआ जमिनीवर चटईवर बसली होती. गिऱ्हेपुंजे भिंतीशी, डबा मांडीवर. डब्यात वरण, भात, भाजी, सगळं चालण्यासारखं. डबा उघडलेला नव्हता. मी फडकं तिच्यापुढे ठेवलं आणि शेवंताने सांगायला सांगितलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं, पातेलं नवं आहे, कधी वापरलेलं नाही, नको असेल तर... लेआने माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं नाही. गाठ सोडली, एक अंडं घेतलं, जमिनीवर हलकेच आपटलं, सोललं आणि खाल्लं. सावकाश, सगळं.

गिऱ्हेपुंजे म्हणाला, "वहिनी, वरन-भात घ्या ना दोन घास. मघापासून म्हनून राहिलो."

"घेते ना दादा, आता घेते," लेआ म्हणाली. "पण पहिला घास शेजाऱ्याकडचा घ्यायचा असतो, आमची रीत आहे. शेजारी हे आहेत." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "किती उशीर केलात भाऊ. मला वाटलं, येता की नाही."

तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मला रडू आलं. त्या दिवशी सकाळपासून पहिल्यांदाच.

थोड्या वेळाने गिऱ्हेपुंजे आणि मी बाहेर पडलो. त्याने सायकलचं कुलूप काढलं, डबा हँडलला अडकवला, आणि जाता जाता जमिनीकडे बघत म्हणाला, "मी दुपारपासून बसलो होतो गा, गजभिये. एक घास नाही घेतला तिनं. तू आला अन घेतला." त्याच्या आवाजात काय होतं ते मी तत्काळ ओळखलं. माझ्याइतकं ते कोण ओळखणार? बराकीतल्या पहिल्या दिवसापासून आजवर कोणी माझ्यावर जळलं नव्हतं. गिऱ्हेपुंजे, जातीचा तेली, कामावर मुकादम, माझ्यावर जळत होता! मला इतका आनंद झाला की ही गोष्ट तत्काळ जाऊन डॅनियलला सांगायला हवी असं वाटलं, तो किती हसेल... आणि मी खरोखरच वळलो, त्याच्या दारात गेलो आणि आत वाकून हाक मारली, "दानियल, अबे आयक..."

लेआने मान वर केली.